आतला संडास

“दोन थेंब निघत नाहीत तुह्यानं? मंग आली कायले इथं?”

सिस्टरनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि वर धरली. लघवी तपासायची बाटली. रिकामी. सगळ्यांना दिसेल अशी वर. व्हरांडा माणसांनी भरला होता. बाया होत्या, गडी होते, आमच्याकडचे दोघं ओळखीचेही होते. सगळ्यांनी आधी बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पदर तोंडावर ओढला आणि भिंतीला टेकून खाली बसले. लाजून बसली असं त्यांना वाटलं असेल. लाज होतीच. पण मला उभं राहवतही नव्हतं.

कळ आदल्या दिवशी सुरू झाली होती, हरभरा सोंगताना. उजव्या बरगडीखाली कुणी विळा घालून फिरवावा तशी. तिथून ती खाली जांघेत उतरायची. मी धुऱ्यावर, बांधाच्या गवतात आडवी झाले, गुडघे पोटाशी घेतले. उलटी झाली. दोन्ही बाळंतपणं मी घरीच काढली, दातावर दात ठेवून. हे त्याहून वाईट होतं. बाळंतपणात कळ मधे जरा श्वास घेऊ देते, आणि शेवटी लेकरू येतं. इथं काहीच येत नव्हतं. लघवीला बसले तर नुसती आग. सासूनं अंगारा लावला, पोहरादेवीला नवस बोलली. नवरा ऊसतोडीला गेलेला. सकाळी मोठी जाऊ म्हणाली, “चाल. अशीच पडून राह्यली तं मरशीन.” तिनं मला एसटीत बसवलं. रस्त्यातला एकेक खड्डा माझ्या पोटात लागला.

दवाखाना सरकारी. डॉक्टर आत, सिस्टर बाहेर टेबलाशी. तिनं नाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि पहिल्यांदा मान वर केली.

“काय होते?”

काय होतं ते मला माहीत होतं. पण मागं गडी उभे होते. तो शब्द मी नवऱ्यासमोरही कधी उच्चारला नाही. मी म्हणाले, “पोट दुखते.”

“पोट तं साऱ्यायचंच दुखते. नीट सांग, जोरानं.”

माझ्या तोंडून काही निघेना. शेवटी जाऊच बोलली. तिचा आवाज मुळातच मोठा. “लघवीले जळते तिले. अन् कमरीतून कळा येतात.” मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

सिस्टरनं बाटली दिली. “हे भरून आण. त्याच्याबिगर डॉक्टर पाहत नाहीत.”

पेशंटांच्या संडासाला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर आत मोडके पलंग रचलेले. शेजारी दुसरं दार होतं, रंग दिलेलं, बंद. मी तिकडं बोट दाखवलं.

“तो स्टाफचा हाये. तू तांड्यावरची ना? वावरातच जाता ना तुमी? मंग जा मागच्या बाजूनं.”

रांगेतला एकजण म्हणाला, “मागं कुत्रे हायेत, सिस्टर. तिच्या हाती एक काडी तरी द्या.”

लोक हसले. सिस्टरही हसली.

मी मागं गेले. भिंत होती, मोटारसायकली होत्या, तंबाखू चोळत उभे असलेले गडी होते. झुडूप एक नाही. जाऊनं पदर पसरून आडोसा केला. “ओ भाऊ, तिकडं व्हा ना जरा,” ती म्हणाली. दोघं सरकले. एकजण मोबाईल पाहत तिथंच राहिला. डोळे मोबाईलवर नव्हते त्याचे. मी बसले. कळ येत होती, घाम येत होता, आणि अंगानं जसं दार लावून घेतलं होतं. एक थेंब आला नाही.

म्हणून ती बाटली रिकामी होती.

“उद्या ये,” सिस्टर म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

उद्या. मी भिंतीशी बसून तो शब्द ऐकत राहिले. धाकटी लेक माझ्याशिवाय झोपत नाही. मी उद्यापर्यंत पोचत नाही, असं मला खरंच वाटलं. परत एसटी, परत ते खड्डे, घरी अंगारा, आणि ही कळ. मी जाऊला म्हणाले, “मले इथंच ठिवून जाय.” ती म्हणाली, “वेडी झाली का?” पण तिचेही डोळे भरले होते.

तेवढ्यात काकू आल्या. ज्यांच्या वावरात मी हरभरा सोंगत होते, त्याच घरच्या. इस्त्रीची साडी, सोबत ड्रायव्हर. सिस्टर खुर्चीवरून उठली.

“या काकू. उभ्या कायले? बसा ना. शुगरचं हाये ना तुमचं?” तिनं काकूंना बाटली दिली. माझ्यासारखीच, पांढऱ्या झाकणाची. मग ड्रॉवर उघडला, किल्ली काढली आणि स्वतः जाऊन ते रंगवलेलं दार उघडलं. “आतल्यात जा. आताच धुतला.”

जाता जाता काकूंचं माझ्याकडं लक्ष गेलं. “अवं, हे तं आमच्याकडं सोंगाले येते! काल अर्ध्या कामातून उठून गेली. सोंगणी आली का यायचं पोट दुखते, पाह्य.”

मला राग आला असं म्हणता येणार नाही. राग यायला अंगात जीव लागतो. फक्त एक गोष्ट लख्ख दिसली. संडास होता. किल्ली होती. दार उघडत होतं. तोवर मी धरून चालले होते की चूक माझी. माझी जीभ उचलत नाही, माझं अंग ऐकत नाही, मी लाजते, मी अडाणी. चौथीनंतर आईबापांमागं उसाच्या फडात गेले, तेव्हापासून कुणी ओरडलं की चूक माझीच, असं मी मानत आले. पण या दाराला कुलूप मी लावलं नव्हतं.

भिंत धरून मी उठले, टेबलावरची माझी रिकामी बाटली उचलली. काकू बाहेर आल्या तशी मी दारावर हात ठेवला.

“ए, कुठं?” सिस्टर.

“आत.”

“स्टाफचा हाये म्हणून सांगतलं ना तुले?”

“काकू कोणत्या स्टाफात हायेत?”

काकूंनी बाटली पदराआड केली.

“घाण करून ठेवशीन तू.”

मागून जाऊ ओरडली, “अन् त्यायचं काय अत्तर निघते?”

रांग पुन्हा हसली. या वेळी माझ्यावर नाही. मी हसले नाही. सिस्टरनं माझा दंड धरला. “बाजूले हो.”

“नाही होत. वढून पाहा. इथंच बसन, तुमच्या टेबलासमोर.”

खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला मी आयुष्यात कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. पण हात दारावरून काढला नाही. तिनं दंड सोडला.

मी आत गेले, कडी लावली. पदर दातात धरला. थोडंच आलं. लाल होतं. ती बाटली मी लपवली नाही. सगळ्यांसमोरून नेली आणि सिस्टरच्या टेबलावर ठेवली. “घ्या.” तिनं रंग पाहिला. माफी मागितली नाही. बाटली उचलून आत घेऊन गेली.

डॉक्टरांनी पाठीत हलकेच ठोकून पाहिलं, मी किंचाळले. मूतखडा, म्हणाले. इंजेक्शन दिलं. वाशिमला जाऊन सोनोग्राफी करा म्हणाले. मग लिहिता लिहिता, मान वर न करता, “पाणी का पीत नाही तुम्ही बाया? उन्हात राबता आणि पाणी पीत नाही. सांगून सांगून थकलो.”

“जायले जागा नाही, साहेब.”

“हं. पाणी भरपूर प्या,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतीच्या एसटीत इंजेक्शनानं कळ दबली होती, म्हणून विचार करता आला. हरभरा गुडघ्याएवढा. चारी बाजूंनी मोकळं वावर, धुऱ्यावर मुकादम, रस्त्यावर येणारीजाणारी माणसं. आम्ही बाया सकाळी घोटभर पाणी पितो आणि मग अंधार पडेपर्यंत तहान मारतो. मला हे आईनं शिकवलं. तिला तिच्या आईनं. कुणी त्याला दुखणं म्हटलं नाही. बाईची रीत म्हटलं. त्या रीतीचा खडा माझ्या पोटात झाला आहे, आणि तो अजून आतच आहे.

सोमवारी काकूंच्या वावरात परत सोंगणी आहे. मी जाणार. विळा हातात घेण्याआधी मुकादमाला सांगणार, धुऱ्यावर बायांसाठी आडोसा बांधून द्या. मग सोंगते. ते मला हाकलतील. हाकलू देत. जाऊ म्हणते, काम सोडून ती माझ्यासोबत धुऱ्यावर बसेल. बाकीच्यांचं माहीत नाही. कुणी नाही बसलं तर मी एकटी बसेन.

आणि पाणी पिणार. भर दुपारी, सगळ्यांदेखत, पोटभर. आडोसा असो नसो, लागली की उठून जाणार. ज्याला पाहवत नसेल त्यानं मान फिरवावी.