राहीबाईचे जेवणारे

मशीद बंदरच्या एका पागडीच्या खोलीत राहीबाई वीस वर्षं खानावळ चालवत होती. जेवणारे बत्तीस, सगळे पाटण तालुक्यातले, दाणाबाजारात पाठीवर पोती वाहणारे. बायकापोरं गावी आणि हे इथे गाळ्यात वळकट्या टाकून. राहीबाई विधवा, पोटी मूल नाही, आणि तोंडानं भलतीच फटकळ. कोणी ताटात अर्धी भाकरी टाकली की ती त्याच्या सात पिढ्या काढायची. तोच तापानं फणफणला की पेजेची वाटी घेऊन त्याच्या उशाशी बसायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. बाईला ते खरं वाटायचं, आणि तिथेच ती फसली.

एक्याण्णवच्या सुमारास बाजार वाशीला हलला. टोळीचा मुकादम हौसेराव तिच्या दारात येऊन बसला. "आक्का, तुमीबी चला. तुमच्या हातचं न्हाय मिळालं तर आमी खायाचं काय?"

झालं, बाई विरघळली. तशी खोली या जन्मी पुन्हा मिळणार नव्हती. तरी ती सोडली आणि वाशीजवळच्या बोनकोडे गावात एका आगऱ्याच्या चाळीत बिऱ्हाड केलं. हे नवं शहर म्हणजे तेव्हा काय, हे रुंद रस्ते आणि त्यांवर चिटपाखरू नाही. खाडीचा वारा स्टो धड पेटू द्यायचा नाही. नळाला पाणी आलं तर आलं. शेजारणीचं आगरी बोलणं हिला कळेना, हिचं तिला. पण संध्याकाळी बत्तीस ताटं मांडली की राहीबाई सगळं विसरायची.

दोन वर्षांनी कोपरखैरण्यात कामगारांची घरं तयार झाली. चाव्या मिळाल्या तशी गावाहून बायकापोरं येऊ लागली. आधी पाच ताटं कमी झाली, मग बारा. दिवाळीनंतर एकटा हौसेराव उरला, आणि एक दिवस तोही आला नाही. "आक्का, उद्यापासनं नको," एवढंसुद्धा कोणी येऊन सांगितलं नाही. थापलेल्या भाकऱ्या टोपलीत वाळत पडायच्या आणि राहीबाईचा जीव जळायचा.

शेवटी तीच कोपरखैरण्याला गेली. हौसेराव जेवत होता, त्याची बायको उज्ज्वला वाढत होती. राहीबाईनं दारातूनच विचारलं, "हौसेराव, मला हितं आणलंस तवा ह्या घरांचं तुला ठावं हुतं का?"

"हुतं की. यादीत नाव कवाच लागलं हुतं."

"मग मला का आणलंस रं?"

हौसेरावला प्रश्नच कळला नाही. घास चावत तो अगदी सरळपणानं म्हणाला, "घरं व्हईस्तवर आमास्नी जेवाय कोन घालणार हुतं, आक्का?"

त्यानं लबाडी केली असती तर तिनं त्याला उभा-आडवा सोलला असता. पण आपण काही वाईट केलंय, हेच त्याच्या गावी नव्हतं.

"उज्ज्वले," तो बायकोला म्हणाला, "आक्कास्नी दोन भाकऱ्या बांदून दे. एकल्या जिवानं कशापायी रांदत बसायचं?"

उज्ज्वलानं भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. राहीबाईनं त्या घेतल्या. सकाळपासून ती जेवली नव्हती.