वेगळा ट्रे

मुंगी नऊ वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला. नाव आधीच पडलेलं होतं. साखरेच्या डब्याशी सापडायची म्हणून. आजार कळला त्या दिवशी तिच्या बापाने घरातली सगळी साखर दुकानात नेली, आणि साखरेशी उभा दावा मांडला. बाप बेकरीवाला. ज्याच्या भट्टीतून गल्लीभराची पोरं गोड खाऊन जात, त्याच्याच लेकीला घासभर केक वर्ज्य, हे त्याला गिळवेना.

मग त्याने तिच्यासाठी वेगळा ट्रे सुरू केला. कणभरही साखर नसलेली, लोण्याच्या पदरांची खारट बिस्किटं. गोडाची उणीव भासू नये म्हणून लोणी सढळ, मीठ काकणभर जास्तच. इंजेक्शन टोचून झालं की ती दुकानात यायची, आणि तो पिठाचे हात पुसत समोर उभा राहायचा. ती हसून मान हलवायची. बायको म्हणायची, पोरीला चारताना तुमचंच पोट भरतं. त्यालाही ते खरं वाटे, आणि बरंही वाटे.

मुंगी एकोणीस वर्षांची झाली. यंदाच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, कोलेस्टेरॉल त्याहून. डॉक्टरीणबाईंनी खाण्याची चौकशी केली. मुंगीच्या आधी तोच बोलला, साखरेचा कण नाही म्हणाला, छाती फुगवून. रोजच्या बिस्किटांचंही सांगितलं. लोणी किती, असं त्यांनी विचारल्यावर कारागिराच्या थाटात म्हणाला, "पिठाच्या निम्मं. त्याशिवाय पदर सुटत नाहीत."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं: मधुमेहात हृदयाला धोका इतरांपेक्षा लवकर सुरू होतो, तरुणपणीच, तिथे एकट्या साखरेवर पहारा ठेवून भागत नाही, लोणी, मीठ, मैदा यांचाही हिशेब धरावा लागतो. अजून वेळ गेलेली नाही. डाळी, भाज्या, चालणं, आणि गरज पडलीच तर गोळी. तो मान डोलवत राहिला. पुढच्या दारावर पहारेकरी बसवून मागचं दार आपणच सताड उघडं ठेवलं होतं, एवढंच त्याला कळत होतं.

बाहेर आल्यावर जिन्यात तो थांबला. म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही.

"मला सांगितलं होतं," मुंगी म्हणाली. "दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी. मागल्या वर्षी."

"मग खात का राहिलीस?"

ती कठड्यावरून बोट फिरवत राहिली. "तुम्ही समोर उभे असायचात, बाबा."

वाटेत तो तिच्या मागे मागेच चालला. रागावली असती तर माफी मागता आली असती. तिने तर त्याचंच मन जपलं होतं, आणि त्याची किंमत स्वतःच्या काळजाने मोजली होती. बापाला खूश ठेवायची जबाबदारी त्याने पोरीच्या ताटात वाढली होती, रोज, गरम गरम.

दुसऱ्या दिवशी वेगळा ट्रे भट्टीत गेला नाही. दुपारी मुंगी नेहमीसारखी आली, पिठाच्या पोत्यावर बसली आणि आपला डबा उघडला. उकडलेले चणे, काकडी, गाजराचे तुकडे. त्याला हातांचं काय करावं ते सुचेना. समोर उभं राहायची हिंमत नव्हती, निघून जायचीही नव्हती.

"कसं लागतंय?" त्याने विचारलं.

ती चावत विचार करत राहिली. "बेचव."

त्याने वाढलेल्या कशालाही तिने हा शब्द कधी वापरला नव्हता. तो चटकन आत वळला. हात मिठाच्या बरणीवर गेला आणि तिथेच राहिला. झाकण गार होतं. किती वर्षं तिने हा शब्द गिळला असेल, लोण्याबरोबर.

तो रिकाम्या हाताने परत आला. पोत्यावर थोडी जागा होती, तिथे बसला. तिने डबा दोघांच्या मध्ये सरकवला.