टँकरचा भोंगा

लातूर जिल्हा नवाच झाला होता. कलेक्टर कचेरीला रंग लागला, आमच्या दवाखान्याच्या नळाला मात्र थेंब नाही. मी नांदेडची, बदली होऊन मुरुडजवळच्या एका गावात डॉक्टर म्हणून आलेले. त्या दुष्काळात माझा जीव सारखा भोंग्याकडे लागलेला असायचा.

टँकर वेशीत शिरताना भोंगा वाजवायचा. तो ऐकला की सासवा, नवरे, दीर, सगळे घागरी घेऊन पळत. मागे राहायचे फक्त पेशंट. एरवी मार खाल्लेल्या बाईला 'कशानं लागलं?' विचारलं की उत्तर बरोबरचं माणूस देई. म्हणून अशा बायकांना मी मुद्दाम टँकरच्या वेळेला बोलवायचे. कंपाउंडर म्हणायचा, "बाई, तुम्ही पेशंट बघता का टँकर?" म्हणू दे.

एक सून आली. हात मोडलेला. मार अडवायला हात वर केला की जे हाड मोडतं, नेमकं तेच. "ओट्यावरून पडली," सासू म्हणाली. पाठीवरच्या जुन्या वळांचं विचारलं, तरी सासूच: "तवाबी पडली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्लास्टर घातलं आणि परवा दाखवायला बोलावलं, टँकरच्या वेळेला.

त्या दिवशी सासू-सून येऊन बसल्या, पण टँकर येईचना. मी खिडकीशी जायचे, परत यायचे. आज ही बोलली नाही तर पुढच्या वेळी काय मोडून येईल, या धास्तीने मला बसवेना. अखेर भोंगा वाजला. म्हातारी सासू घागर घेऊन बाहेर पडली. मी दार लोटलं.

"खरं सांग. तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही."

ती प्लास्टरकडे बघत म्हणाली, "नवरा रोज मारतो. आता घरी गेले तर वाचत न्हाई, बाई. कंधारला भाऊ हाय माझा."

तिला आजच लातूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती करायचं, भावाला तिथेच बोलवायचं, असं आमचं ठरलं. म्हातारीला काय थाप मारावी, तेवढं सुचेना.

दार उघडलं तर म्हातारी उंबऱ्यावरच बसलेली. मांडीवर रिकामी घागर. टँकर केव्हाच निघून गेला होता.

"पाणी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. कुणी आत येऊ नये म्हून बसले. पोरानं मला हिच्यावर पहाऱ्याला धाडलंय." मग आवाज खाली आणून, "बोलली का?"

मी वळून सुनेकडे पाहिलं. तिनेच होकाराची मान हलवली. म्हातारीने पदर सारून स्वतःचा हात पुढे केला. तेच हाड, वाकडं जुळलेलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "हिला घेऊन जावा."

आणि कोरडी घागर कमरेवर घेऊन ती घराकडे, पोराकडे निघाली.