विक्रोळीत लिहिलेला ठराव

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून माझं जे काही कौतुक झालं, ते बहुतेक याच एका गोष्टीचं. त्या अक्षरापायीच मी आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची चिटणीस झाले.

आमची वाडी सिंधुदुर्गात, एका डोंगराच्या अंगावर. तीसेक घरं, त्यातली निम्मी वर्षभर कुलूपबंद. वाडीचा कारभार मात्र विक्रोळीतून चालायचा. आजोबांच्या पिढीत गिरणीत कामाला आलेल्यांनी चाळीत एक खोली घेतली होती, ती मंडळाची खोली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे सभा. देवळाच्या सभामंडपाला कुठल्या रंगाच्या लाद्या, शिमग्याची पालखी कुठल्या घरापासून निघणार, ग्रामपंचायतीला वाडीतून कोण उभं राहणार, हे सगळं त्या खोलीत पंख्याखाली बसून ठरायचं. गावची माणसं फोनची वाट बघत असायची. फोन गेला की तिथे देवळात नारळ ठेवायचे आणि विषय मिटायचा.

मी हे लहानपणापासून बघत आले, आणि खरं सांगायचं तर मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आता वाटतं. त्याच वर्षांत आमच्या चाळीचा पुनर्विकास चालला होता आणि त्यात आम्हाला काळं कुत्रं विचारत नव्हतं. बिल्डरच्या माणसाने नकाशा दाखवला, आम्ही माना डोलावल्या, संपलं. कुठल्याशा सहीसाठी साहेबांच्या दाराबाहेर तासन् तास ताटकळणारे आमचे अध्यक्ष रविवारी खोलीत आले की पाचशे किलोमीटरवरच्या माणसांवर हुकूम सोडायचे. इथे शेळी, तिथे वाघ. मीही त्याच कळपातली.

मंडळाच्या कमिटीवर तोवर कधी बाई नव्हती. सभेच्या दिवशी बायका शेजारच्या खोलीत चहा करायच्या, एवढाच त्यांचा सहभाग. आधीच्या चिटणीसांना डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा अध्यक्ष मला म्हणाले, "तूच लिही गं. तसंही ऑफिसात तेच करतेस ना." खरं होतं ते. अंधेरीला एका कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या मीटिंगांची इतिवृत्तं लिहायचे. मी लगेच हो म्हटलं. आईने चाळीत पेढे वाटले. मंडळाची पहिली बाई चिटणीस! मी वर्षभर तरंगत होते.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबा मुंबईत आले, काका गावी राहिले. बाबा गेल्यावर आमच्या वाट्याचं घर, माड, काजू, सगळं काका-काकीच बघायचे. त्यांना मूल नव्हतं. काकीने मला कधी नावाने हाक मारली नाही. 'आमचा चेडू' म्हणायची, म्हणजे आमची मुलगी. मे महिन्यात मी गेले की माझ्या डोक्यावर तेल थापून ती तासभर केस विंचरत बसायची आणि मुंबईच्या पाण्याला शिव्या द्यायची.

वाडीला रस्ता नव्हता. खाली फाट्यापर्यंत गाडी, तिथून वर दगडी पायऱ्यांची पाखाडी. कुणी आजारी पडलं की त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलून खाली न्यायचं. काकांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, रस्ता. पण रस्त्यात जाणारी जमीन बहुतेक मुंबईकरांची आणि संमतीच्या कागदावर सह्या काही होत नव्हत्या. पाखाडीच्या वळणावरचे सहा काजू आमचे. तिथे माझी सही हवी होती. मी नाही म्हटलं नाही. "मे महिन्यात आल्यावर बघू या ना," म्हटलं. असे तीन मे गेले.

मला ती पाखाडी आवडायची, हे खरं कारण. शेवाळलेल्या पायऱ्यांचे फोटो काढून मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे आणि पवईची एक मैत्रीण दर वेळी लिहायची, किती लकी आहेस यार. मंडळातही तोच सूर. रस्ता आला की बाहेरचे लोक येणार, गावाचं गावपण जाणार. काका एकदा फोनवर कडाडले, "गावपण तुमी ठेवा तुमच्या खोलयेत. आमका रस्तो व्हयो."

मग निवडणूक आली. मंडळाने माणूस ठरवला, नारळ ठेवला गेला. वाडीचा माणूस एकच, त्याच्यापुढे वाडीतलं दुसरं कुणी उभं राहायचं नाही, ही आमच्याकडची पिढ्यान् पिढ्यांची रीत. काकांनी शेवटच्या दिवशी अर्ज भरला. रस्त्यासाठी उभा राहतोय, असं त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. मतं फुटली. आमचा माणूस पडला, काकाही पडले आणि खालच्या वाडीचा निवडून आला.

त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाडीची अब्रू गेली, ठेवलेल्या नारळाचा अपमान झाला, असं एकेक जण उठून सांगत होता. वाळीत टाका, असं कुणीतरी ओरडलं. अध्यक्षांनी हात वर केला. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, तुरुंगात जायचंय का, असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "तू बघ गं, शब्द नीट घाल."

मी पेन हातात धरून बसले. ते हसून म्हणाले, "का गं, घरचा माणूस म्हणून हात थरथरतोय?" आणि सगळी खोली हसली.

मला त्या हसण्याचा राग आला. म्हणून मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. 'सदर कुटुंबास वाडीतील कोणीही कोणत्याही कामी मंडळाच्या संमतीशिवाय सहकार्य करू नये.' बहिष्कार नाही, वाळीत नाही, एकही आक्षेपार्ह शब्द नाही. कोर्टात नेलं असतं तरी कुणाला पकडता आलं नसतं. अध्यक्ष वाचून म्हणाले, झकास. त्या पानाचा फोटो तिथल्या तिथे गावच्या ग्रुपवर गेला. पुढच्या दर महिन्याला मी त्याखाली एक ओळ लिहीत राहिले, ठराव कायम ठेवण्यात येत आहे.

दोन-चार महिन्यांत डोकी थंड होतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शिमग्याला पालखी काकांच्या अंगणावरून सरळ पुढे गेली. काकीने दारात रांगोळी काढून ठेवली होती, ओटीचं ताट भरून ठेवलं होतं. मला फोनवर म्हणाली, "देव दमलो असतलो गो." मग म्हणाली, "ता पान बघलंय मी. अक्षर बरा आसा तुझा." ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे मारता यायचे नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तरी पुढच्या रविवारी मी ती ओळ लिहिलीच.

मे उजाडायच्या आधी एका मंगळवारी सकाळी अकराला, मी अंधेरीच्या ऑफिसात असताना, वाडीच्या गावकारांचा फोन आला. देवळाचा मान त्यांच्याकडे, वयाने मोठे, मला अंगाखांद्यावर खेळवलेले.

"चिटणीस बाय, तुझ्या काकीक श्वास लागलोहा," ते म्हणाले. "गाडी फाट्यार येता. खुर्ची बांधलेली आसा, चार माणसा उभी आसत. उचलूची काय नाय?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत. मग कळलं. ठरावात लिहिलं होतं, मंडळाच्या संमतीशिवाय नाही. त्या चौघांचे मुलगे मुंबईत, मंडळात. ती माणसं माझ्या वाक्याला धरून उभी होती.

उचला. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले नाही. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय आलं, ते मला लख्ख आठवतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला ती खोली हसताना ऐकू आली. बाई चिटणीस केली आणि पहिल्याच परीक्षेला घरच्यांसाठी ठराव मोडला, असं म्हणतील. मी म्हणाले, "अध्यक्षांना विचारते आणि पाच मिनिटांत सांगते."

अध्यक्षांचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. तिसऱ्यांदा लावला तेवढ्यात साहेबांनी केबिनमधून हाक मारली, मीटिंग सुरू होत होती. मी मोबाइल टेबलावर उलटा ठेवून आत गेले आणि इतिवृत्त लिहू लागले. पुढच्या तिमाहीचं काय ठरलं, कुणी कशाची जबाबदारी घेतली, सगळं सुवाच्य. बाहेर आले तेव्हा पावणेबारा झाले होते. गावाहून चार मिस्ड कॉल होते, आणि अध्यक्षांचा एक.

मी अध्यक्षांना आधी फोन केला. तेव्हाही आधी त्यांनाच. सगळं ऐकून ते ओरडले, "अगं ए बाई, हे काय विचारायचं? वेड लागलंय का तुला? उचला म्हण!"

तोवर त्या माणसांनी आपल्या मनानेच खुर्ची उचलली होती. काकी पाखाडीच्या वळणावरच गेली, खुर्चीतच, आमच्या काजूंपाशी. तिथून खाली उभी असलेली रुग्णवाहिका दिसते.

पुढच्या रविवारी शोकसभा झाली. अध्यक्ष रडले, मनापासून रडले. मग मला म्हणाले, शोकठराव चांगला लिही, तुझीच काकी आहे. मी लिहिला. त्याच सभेत संमतीचा कागद फिरला आणि एकूण एक सह्या झाल्या, तीन मे महिन्यांचं काम दहा मिनिटांत. माझीही झाली. मी राजीनामा दिला, त्याची नोंद 'वैयक्तिक कारणास्तव' अशी झाली. पोलिसांत कुणी गेलं नाही, कुणी कुणाला दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले होते, हृदय मोठं झालं होतं, वेळेत आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. त्या 'सांगता आलं नसतं'ला मी वर्षभर धरून राहिले.

रस्ता झाला. गेल्या मे महिन्यात मंडळींच्या गाड्या थेट अंगणात लागल्या. गावपणाचा विषय कुणी काढला नाही. मला सगळ्यांची चीड आली, आणि माझीही गाडी तिथेच उभी होती.

काका घरात नव्हते. ते रस्त्याने येत-जात नाहीत, शेजारीण म्हणाली, अजून पाखाडीनेच. मी उतरत गेले. ते वळणावर एका पायरीवर बसले होते. काजू तोडलेले, नुसते खुंट राहिलेले. मी शेजारी बसले आणि वर्षभर घोकून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. फोन मला आला होता. मी उचला म्हणाले नाही. मी पाच मिनिटं म्हणाले आणि मीटिंगला गेले.

काका समोर बघत होते. "माका म्हायत आसा," ते म्हणाले. "फोन माझ्याच खळ्यातसून लावलेलो."

मी त्यांच्याकडे वळले.

"त्ये उचलतले होते," काका म्हणाले. "तुझा ऐकून झाला तसो गावकार म्हणालो, जळांदे तो ठराव, उचला. खुर्चयेक हात घातल्यानी पण. तर तिनाच हात धरल्यान माझो."

"काकीने?"

"होय. म्हणाली, थांबा मरे पाच मिन्टां. आमचा चेडू चिटणीस आसा, ता सांगतला. तेच्या आधी आपण उठलों तर तेका थंय मंडळात बोल लागतलो."

मग ते उठले, आणि एकेका पायरीवर थांबत वर चढायला लागले.