अब्बांनी कॉलेज पाहिलं

माझे अब्बा, नूरमहंमद, भित्रे होते. हे मी मायेनंच सांगते. लोणावळा स्टेशनात घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासायचे, हे त्यांचं काम. म्हणजे भिण्याचाच पगार मिळायचा. तिथं साहेबसुद्धा त्यांना घाई करीत नसे. घरी मात्र आमचा जीव मेटाकुटीला यायचा. आडावर निघालं तरी आधी ते स्वतः दोर ओढून बघणार.

१९३४ साली मी मॅट्रिक झाले आणि म्हणाले, मला डॉक्टर व्हायचंय. अब्बांचा हातातला घास हातातच राहिला.

मास्तरांनी पुण्याहून दोन माहितीपत्रकं आणून दिली. एक बायकांच्या विद्यापीठाचं. तिथं शिकवणं मराठीत आणि वर्गात सगळ्या मुलीच. दुसरं पुण्यातल्याच, पण मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजचं. तिथं सगळं इंग्रजीत, मुलांच्या वर्गात बसायचं. पण डॉक्टरकीची वाट तिथूनच जायची. अब्बांनी दोन्ही माझ्याकडून तीन-तीनदा वाचून घेतली. "ह्ये पयलंच बेस हाय," ते दर वेळी म्हणत. तिथं डॉक्टरकी नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून तर माझ्याकडे बघत नसत. मला भारी राग यायचा, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कॉलेजची भीती मलाही वाटायची.

कॉलेजं सुरू झाली. प्रवेशाची मुदत चार दिवसांवर आली, तेव्हा अब्बा रजा टाकून पुण्याला गेले, दोन्ही ठिकाणं डोळ्यांनी बघायला. संध्याकाळी परतले. मी दारातच उभी.

"बायांच्या तितं उंच भिंत हाय, पहारेकरी हाय. जिवाला लय थंड वाटलं."

माझे डोळे भरून आले.

"मग दुसरीकडं गेलतो. वर्गात ही येवढी पोरं, आन् पयल्या बाकावर एकटीच पोरगी. घंटा झाल्यावर तिला इचारलं, बेटा, भ्या न्हाई वाटत? म्हनली, लय वाटतं. अजून एक जण आली तर कमी वाटंल." अब्बांनी बाहीनं तोंड पुसलं. "खुर्शीदा, तिचा बाप तिकडं सोलापुरात. त्यो झोपत कसा असंल?"

मग त्यांनी दौत मागितली. मुंबई विद्यापीठाच्या अर्जावर सही करताना नाव पार खाली घसरलं.

सोमवारी मी वर्गात गेले. पहिला बाक रिकामा होता. शिपाई म्हणाला, ती मुलगी शनिवारीच नाव काढून गावी गेली. मी त्याच बाकावर जाऊन बसले. मागं चाळीस मुलं. दिवसभर मान वळवायची छाती झाली नाही.

पुण्यात मी मावशीकडे राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. अब्बा फलाटावरच विचारायचे, "ती पोरगी आता भीत न्हाई ना?"

खरं कळलं असतं तर त्यांनी मला पुन्हा पुण्याच्या गाडीत बसू दिलं नसतं.

"नाही अब्बा," मी सांगायचे. "आता आम्ही दोघी आहोत ना."