बुजवलेली भोकं

विमानाच्या पंखाला खालून बारीक भोकं असतात. आत साचलेलं पाणी, दमट हवा बाहेर पडावी म्हणून. हे मला कुण्या इंजिनियरनं नाही, माझ्या बापानं सांगितलं. तो मोरा बंदरावरचा, होड्या बांधणारा सुतार. पनवेलबाहेर बिनइंजिनाच्या शिकाऊ विमानांची शेड निघाली, तेव्हा लाकडाचा जाणकार म्हणून त्याला सांधे चिकटवायला, डागडुजीला घेतलं.

ती विमानं लाकडाची, दुधापासून केलेल्या सरसानं चिकटवलेली. थंड देशात ठीक आहे. आमच्याकडे वैशाखात पत्र्याखाली लाकूड आक्रसायचं, आषाढात पाणी पिऊन फुगायचं, आणि या ओढाताणीत सरस सुटायचा. वर त्याला बुरशी. बा पंखाला नाक लावून सांगायचा, "नासल्या दुधाचा वास येतो. ह्यो सांधा गेला."

एका श्रावणात बडे पाहुणे यायचे होते. शेडच्या साहेबाला पंख गुळगुळीत हवे होते.

"मिस्त्री, ही भोकं बुजवा आणि वरून रंग मारा."

"साहेब, आत घाम धरंल. आमी होडीचा सांधा पन पावसात भरत नाय."

"ही होडी नाही, मिस्त्री. हिच्यात बोंबील नाही भरायचे."

सगळी शेड हसली. भोकं बुजली. पाहुणे आले, हार घालून घेतले, गेले.

दिवाळीच्या सुमारास, उडवण्याआधी तपासायला शेडमधल्या दोघांनी पंखाचं टोक धरून हलवलं, तर वरची फळी सालपटासारखी हातात आली. चौकशी बसली. निकाल काय? सुतारानं सरस नीट लावला नाही. बापाला घरी पाठवलं. सुतार म्हणून कमावलेलं नावच गेलं.

मी विशीतला, पत्रकं लिहिण्यात तरबेज. साहेबाचे वाभाडे काढले. आमची हवा न बघता परदेशी विमानं आणणाऱ्यांना झोडपलं. छापायच्या आधी बापाला वाचून दाखवलं. तो ओटीवर रंधा पुसत होता.

"भोकं कोनी बुजवली, ते नाय लिवलंस."

"साहेबानं!"

"त्याच्या हाताला कंदी रंग लागला? मी बुजवली. ठाऊक असून."

"हुकूम होता, बा."

"होडीवाल्यानं असा हुकूम केला असता, तर हाकलला असता त्याला. पगारी झालो, म्हनून बुजवली. ते लिव."

ते लिहिलं असतं तर साहेब सुटला असता. मी नाही लिहिलं. पत्रक पनवेलच्या बाजारात वाटलं. साहेब तरीही सुटलाच.

बा पुन्हा मोऱ्याला होड्या दुरुस्त करतो. पत्रकाची एक प्रत मी त्याच्यापुढे ठेवली होती. हत्यारांखाली अंथरायलासुद्धा त्यानं ती घेतली नाही.