सांध्याच्या खालचे फुटवे

डहाणूत वृक्षप्रेमींचा एक गट आहे. त्यांच्या बैठकीत झाडांची लॅटिन नावं इतक्या आदराने घेतली जातात, की झाडांनाच संकोच व्हावा. वनस्पतिशास्त्रातल्या प्राथमिक संज्ञा सांगायला त्यांनी मला बोलावलं होतं. शाल, श्रीफळ आणि श्रीफळाचं शास्त्रीय नाव एवढं झाल्यावर बोलायला थोडाच वेळ उरला. म्हणून मी सरळ कलमावर आलो. कलमात दोन झाडं असतात. मुळांसकट खाली असतो तो खुंट, वर जोडतात ती काडी, आणि दोन्ही जुळतात तो सांधा. आपल्याकडचा चिकू बहुधा रायणीच्या, म्हणजे त्याच्याच कुळातल्या रानझाडाच्या, खुंटावर उभा असतो.

बैठक संपल्यावर आशागडच्या एक बाई थांबल्या. त्यांच्या नवऱ्याने लावलेला चिकू वाऱ्याने मोडला होता, आणि नवरा जाऊनही फार दिवस झाले नव्हते. मुलगा बुंधा उपटायचं म्हणत होता, पण बुंध्याला फुटवे आले होते. बाई रोज पाणी घालत होत्या. "पानं जरा निराळी वाटतात," एवढंच म्हणाल्या.

मी जाऊन पाहिलं. सगळे फुटवे सांध्याच्या खालून आलेले, पानांच्या टोकाशी बारीक खाच. रायणच होती. सांगणं भाग होतं.

"म्हणजे यांचं झाड गेलं?"

मी विचारलं, या झाडाचं कलम कुणाला दिलं होतं का? दिलं होतं, कैनाडच्या नणंदेला. मग मी व्याख्यानात राहून गेलेलं सांगितलं. बी रुजून येतं ते झाडाचं मूल. कलम म्हणजे मूल नव्हे, तेच झाड, फक्त दुसऱ्याच्या मुळांवर. तिकडची काडी या फुटव्यावर बांधली, तर त्यांचंच झाड परत उभं राहील.

अडचण निराळीच होती. वाडीच्या वाटणीपासून बाईंचं आणि नणंदेचं बोलणं बंद होतं. नणंद भावाच्या दहाव्याला आली, ती परस्पर निघून गेली.

"तिच्या दारात काडी मागायला जाऊ? सर, त्यापेक्षा रायण गोड असते हो."

असते, मी म्हटलं. फळाला मात्र बरीच वर्षं लागतात.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काडी कापल्यावर किती वेळ टिकते, त्यांनी विचारलं. ओल्या फडक्यात गुंडाळा, रिक्षाने येईपर्यंत काही होत नाही, मी सांगितलं.

"रिक्षाचं नाही हो," त्या म्हणाल्या. "ती जेवल्याशिवाय सोडत नाहीये."